रंगाचा वास दाबू नका, तो कुठून येतो ते शोधा

मनीषनगरहून एका ताईंनी विचारलं आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला तिची खोली रंगवून घेतली. भिंतींना प्लास्टिक पेंट, दार-खिडक्यांना ऑइल पेंट आणि जुन्या लाकडी कपाटाला नवं पॉलिश. अठरा दिवस झाले, तरी खोलीत पाय ठेवला की वास येऊनच राहिला आहे. पाऊस आणि डासांमुळे खिडक्या बंद असतात, रात्री एसी चालतो. कांदा कापून ठेवला, कॉफीची पूड ठेवली, कापूर जाळला, फरक नाही. लेक दहा दिवसांनी येणार. काय करावं?

ताई, आधी एकच गोष्ट. वास पुरता जाईपर्यंत लेकीला त्या खोलीत झोपवू नका. दहा दिवसांत नाही गेला तर तिची सोय हॉलमध्ये करा, तुमच्या खोलीत करा, पण तिथे नको. गर्भारपण, तान्हं बाळ आणि दमा या तीन बाबतींत मी कुणालाच सूट देत नाही. आता उपायांकडे वळू. दहा दिवस हाताशी आहेत आणि नीट वापरले तर ते पुरू शकतात.

मी अठ्ठावीस वर्षं नागपुरात रंगकाम करतो आहे. वडिलांच्या हाताखाली महाल भागातल्या जुन्या घरांना चुना आणि डिस्टेंपर मारत शिकलो. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. लोक वासाशी भांडतात, पण तो नेमका कशातून निघतो हे कुणी बघत नाही. वास म्हणजे त्या रंगातून काहीतरी अजून बाहेर पडतं आहे. ते बाहेर पडू द्यायचं आणि घराबाहेर घालवायचं, एवढंच काम आहे. त्यावर दुसरा वास चढवून उपयोग नाही.

तुमच्या खोलीत तीन वेगळे पदार्थ आहेत आणि तिघांची वाळायची रीत वेगळी आहे. भिंतीवरचा प्लास्टिक पेंट पाण्यावर बनलेला असतो. त्यातलं पाणी काही तासांत उडतं, हाताला भिंत कोरडी लागते. पण रंगाचे बारीक कण एकमेकांत मिसळून सलग थर व्हावा म्हणून त्यात हळू उडणारे द्रव घातलेले असतात. ते निघायला दोन-तीन आठवडे, पावसाळ्यात त्याहून जास्त लागू शकतात. हा वास सौम्य असतो, थोडा गोडसर.

ऑइल पेंटचं गणित निराळं आहे. रंग पातळ करायला घातलेलं टारपीन पहिल्या एक-दोन दिवसांत बरंचसं उडून जातं. डोकं धरणारा सुरुवातीचा वास तो. पण त्यानंतर खरं वाळणं सुरू होतं. हा रंग जवस, सोयाबीन अशा तेलांपासून बनतो आणि ते तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन घट्ट होतं. आपल्या विदर्भात जवस घरोघरी असतो, तेव्हा जवसाचं तेल उघडं राहिलं की त्याला कसा खवट वास सुटतो ते तुम्हाला ठाऊक असेल. दारावर तेच होत असतं. टारपीन संपलं तरी दोन-तीन आठवडे खवटसर वास राहतो तो यामुळे. दार पिशवीत बांधल्यासारखं बंद खोलीत ठेवलं तर तो वास कुठे जाणार? त्याला हवा लागते, वाळायलाही आणि वास जायलाही.

तिसरं कपाटाचं पॉलिश. तिथे मेलामाइन, म्हणजे कडक थर धरणारं रासायनिक पॉलिश, मारलं असेल तर ते घट्ट होताना त्यातून फॉर्मलडिहाइड नावाचा झोंबरा वायू निघतो. नाकापेक्षा डोळ्यांना आधी कळतं, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. पॉलिशवाल्याला विचारा काय मारलं ते. चपडा (लाखेचे पापुद्रे) आणि स्पिरिटचं जुन्या पद्धतीचं पॉलिश असेल तर वास दोन-चार दिवसांत जातो, तुम्हाला इतके दिवस त्रास झालाच नसता. म्हणून माझा अंदाज सरळ सांगतो: तुमचा वास भिंतीचा नाही, कपाटाचा आणि दाराचा आहे.

पण अंदाजावर जाऊ नका, तपासून घ्या. स्वयंपाकघरातल्या फॉइलचे वीतभर तुकडे घ्या. एक भिंतीवर, एक दारावर, एक कपाटाच्या बाहेर आणि एक कपाटाच्या आत, चारी कडांनी मास्किंग टेपने बंद करून चिकटवा. साधी चिकटपट्टी वापरू नका, नव्या रंगाची साल निघते. चोवीस तासांनी एकेक तुकडा काढून लगेच खालची जागा हुंगा. जिथे वास साचलेला सापडेल तिथे चोर आहे. दोन तुकड्यांच्या मध्ये बाल्कनीत जाऊन मिनिटभर मोकळा श्वास घ्या, नाहीतर नाक गोंधळतं. आणि शक्यतो हे काम घरातल्या कुणी करू नये. अठरा दिवस तो वास घेऊन तुमची नाकं सरावली आहेत.

तपासतानाच माळा, बाल्कनी आणि पलंगाखालची जागाही बघा. प्रतापनगरच्या एका घरी दोन महिने वास जाईना म्हणून मला बोलावलं होतं. काम माझं नव्हतं. भिंती हुंगल्या, दारं हुंगली, काही नाही. शेवटी माळ्यावर चढलो तर उरलेल्या ऑइल पेंटचा डबा, झाकण अर्धवट दाबलेलं, शेजारी थिनरची बाटली आणि तेलकट चिंध्यांचं बोचकं. ते खाली आणलं आणि चार दिवसांत घर स्वच्छ झालं. चिंध्यांबद्दल गंभीरपणे सांगतो. जवसाच्या तेलात किंवा तेलाच्या पॉलिशमध्ये भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोंबून ठेवल्या तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. त्या सुट्या पसरून उघड्यावर वाळवायच्या, मग फेकायच्या. पिशवीत बांधून कधीही ठेवायच्या नाहीत.

आता कपाट. ते पूर्ण रिकामं करा. ड्रॉवर ओढून बाहेर काढा आणि बाल्कनीत, पाऊस लागणार नाही अशा जागी, उभे ठेवा. पल्ले सुतळीने बांधून सताड उघडे ठेवा, आपोआप मिटायला नकोत. समोर टेबल फॅन ठेवून हवा आत मारा, दिवसभर. कपाटाचा आतला भाग सगळ्यात शेवटी वाळतो. बाहेरून काचेसारखं कोरडं दिसतं आणि आत वास कोंडलेला असतो. तुम्ही बाळाची दुपटी, झबली, लंगोट आधीच धुऊन त्यात रचून ठेवले असतील तर काढा आणि पुन्हा धुऊन उन्हात घाला. सुती कापड असा वास पटकन धरतं, आणि तेच बाळाच्या नाकाजवळ जायचं आहे. खोलीतली कापसाची गादी, उश्या, पडदे यांचंही तेच. पावसाने उघडीप दिली की गच्चीवर टाका. आम्ही काम संपल्यावर भिंत धुवायला सांगत नाही, पण पडदे धुवायला हमखास सांगतो.

हवेची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. नागपूरकराला कूलर शिकवावा लागत नाही. खिडकीतला कूलर सुरू केला आणि दार बंद ठेवलं तर खोली थंड होत नाही, नुसती चिकचिक होते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट लागते. वासाचं अगदी तसंच आहे. एसी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही आणि आतली बाहेर टाकत नाही. म्हणजे तुम्ही रात्रभर खोली थंड ठेवली आणि वास जपून ठेवला. वर गारव्यामुळे रंगातून निघायचं तेही हळू निघालं. छताचा पंखाही एकटा असला तर हवा फक्त ढवळतो.

तुमचा कूलर अजून खिडकीत असेल तर तो तुमचं सगळ्यात चांगलं हत्यार आहे. टाकीतलं पाणी काढा, पंप बंद ठेवा आणि नुसता पंखा चालवा. पाण्यासकट अजिबात नको, ओल वाढेल. मध्यम आकाराचा कूलर ताशी दोन हजार घनमीटरच्या पुढे हवा फेकतो. तुमची खोली दहा बाय बारा आणि दहा फूट उंच धरली तर तिच्यात जेमतेम ३४ घनमीटर हवा मावते. कागदावर हिशोब केला तर मिनिटाला एकदा खोलीतली हवा बदलते. प्रत्यक्षात कोपरे राहतात, तरी याच्या तोडीचं दुसरं काही घरात नाही.

मात्र बाहेर जायची वाट कुठली हे नीट ठरवा. दुसरी खिडकी असेल तर ती उघडा आणि खोलीचं दार बंद करून खाली फटीत टॉवेल लावा. नाहीतर कूलर तो वास सगळ्या घरात ढकलेल. दुसरी खिडकी नसेल पण खोलीला लागून बाथरूम असेल तर तिथला एक्झॉस्ट फॅन सुरू ठेवा आणि बाथरूमचं दार उघडं ठेवा, तीच वाट. कूलरच नसेल तर खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवा आणि खोलीचं दार बोटभर उघडं ठेवा. पंखा आतली हवा ओढून बाहेर फेकेल आणि घरातली ताजी हवा दारातून आत येईल. टारपीन-थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, म्हणून पहिल्या दिवसांत पंखा खिडकीच्या खालच्या कडेला असलेला बरा. डासांसाठी जाळी लावा. मीटरभर जाळी आणि चिकट पट्टी इतवारीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. डेंग्यूच्या दिवसांत खिडकी उघडी ठेवा असं मी जाळीशिवाय कुणाला सांगणार नाही.

पावसाळ्यात एक अडचण खरी आहे, बाहेरची हवाच ओली. धो धो पाऊस सुरू असताना खिडकी बंद करा आणि तेवढा वेळ एसी ड्राय मोडवर चालवा, खोलीतली ओल निघेल. पाऊस थांबला की पुन्हा हवा बदला. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ही वेळ सोडू नका. ऊब आणि वारा एकत्र मिळाले की वास लवकर निघतो. हीच खोली तुम्ही मार्चमध्ये रंगवली असती तर आपल्या उन्हाने अर्धं काम केलं असतं. उन्हाळ्यात मी प्लास्टिक पेंटच्या खोल्यांना असं करतो: रंग झाल्यावर तीन दिवस उघडी ठेवायची, मग दुपारी बारा ते चार बंद करून तापू द्यायची, आत कुणी नाही, आणि चारला सगळं उघडून रात्रभर वारा खेळवायचा. ओल्या ऑइल पेंटच्या खोलीला मात्र हे कधी करू नये, कारण टारपीनची वाफ पेट घेते. टारपीन ३० ते ४० अंशांच्या घरात गेलं की त्यावरची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद खोली त्याच्या किती पुढे जाते ते सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते.

म्हणूनच कापराबद्दल बोलतो. नव्या ऑइल पेंटच्या खोलीत कापूर, उदबत्ती, धूप, लोबान, दिवा, काहीही पेटवू नका. वास्तुशांत असली तरी ती खोली सोडून करा. अठरा दिवसांनी पेट घेण्याइतकी वाफ राहत नाही, पण धुराने वास जात नाही, उलट खोलीत आणखी एक पदार्थ भरतो आणि बाळंतिणीच्या छातीला तो नको. रूम फ्रेशनरचंही तसंच.

कांदा-कॉफीने वास झाकला जातो, निघत नाही. परातीत पाणी भरून ठेवायची जुनी रीत आहे. माझे वडीलही ठेवायचे. पाण्यात थोडीफार वाफ विरघळते, पण टारपीन तर पाण्यात विरघळतच नाही, आणि पावसाळ्यात खोलीत उघडं पाणी म्हणजे ओल आणि डास दोन्ही. कोळसा कामाचा आहे, पण चुलीचा नाही. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा लागतो, तो पाण्याच्या फिल्टरच्या किंवा माशांच्या टाकीच्या दुकानात दाण्यांच्या रूपात मिळतो. तोही सगळ्या खोलीला पुरत नाही. कपाट वाळल्यावर आत कापडी पिशवीत पाव-अर्धा किलो ठेवा, तिथे त्याचा खरा उपयोग होतो. झाडांच्या कुंड्यांवर पैसे घालवू नका. १९८९ साली नासाने केलेला झाडांचा प्रयोग लहान बंद पेटीतला होता. राहत्या खोलीत चार कुंड्यांनी काही फरक पडत नाही. आणि ओझोनचं यंत्र भाड्याने देणारे आता आले आहेत, त्यांना घरात घेऊ नका. ओझोन फुप्फुसाला घातक आहे आणि रंगाशी मिळून नवेच झोंबरे वास तयार करतो.

आता एक प्रश्न तुमच्या पेंटरला विचारायचा आहे, आणि तो स्पष्टच विचारा: ऑइल पेंट पातळ करायला काय घातलं? डब्यावर टारपीन लिहिलेलं असतं. पण पैसे वाचवायला काही जण राकेल घालतात. राकेल फार हळू उडतं, रंग वर साय धरतो आणि आत मऊ राहतो, वास महिनोन् महिने जात नाही. मी शिकाऊ असताना एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून मीही हे केलं आहे. त्या घरातल्या आजोबांना दमा होता. ते पंधरा दिवस गच्चीवर झोपले, नोव्हेंबरच्या थंडीत, आणि मला त्यांनी एक शब्द बोलला नाही. ते आजही मनातून गेलेलं नाही. तेव्हापासून माझ्या कामावर राकेल येत नाही. तुमच्या दारावर नखाने हळूच दाबून बघा. अठरा दिवसांनी खूण उमटली तर एकतर राकेल आहे किंवा एकावर एक जाड हात घाईने मारले आहेत. अशा दाराला वारा देऊन आणखी तीन आठवडे वाट बघा. तरी मऊच राहिलं तर तो थर खरवडून, घासून नव्याने करण्याला पर्याय नाही. पण हे लेक घरी असताना करू नका. आणि दार २०१७ च्या आधीचं, जुन्या थरांचं असेल तर कोरडं घासू देऊ नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. ती धूळ गर्भार बाईला आणि बाळाला फार वाईट. पाणी मारून ओलं घासायचं, खोली बंद ठेवून, आणि पुसून घ्यायचं. झाडू मारायचा नाही.

भिंतीचा फॉइल उघडल्यावर वेगळाच वास आला तर तेही सांगून ठेवतो. नासक्या दुधासारखा, आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे रंग डब्यातच नासलेला होता. पाण्यावरच्या रंगाचा जुना डबा उघडा राहिला किंवा त्यात घाण पाणी पडलं की तो रंग जिवाणूंनी खराब होतो. तो वास वाऱ्याने पुरता जात नाही, दर पावसाळ्यात परततो. त्याला वरून चपडा-स्पिरिटचा एक पूर्ण हात मारून कोंडायचं आणि वर नवा रंग. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि आग दूर. कुबट, मातीसारखा वास आला तर तो रंगाचा नाहीच, भिंत ओली आहे. शेजारी बाथरूम किंवा बाहेरून भेग असेल. तिथे वास घालवायच्या आधी पाणी बंद करा, नाहीतर वर्षभरात पापुद्रे सुटतील.

पुढच्या वेळी काम ऑक्टोबरच्या उन्हात, नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. पोळा-गणपतीच्या आधी सगळ्यांनाच घाई असते, मला कळतं, पण पावसाळ्यात दार-खिडक्यांचं ऑइल पेंट टाळता येतं. आता पाण्यावरचे इनॅमल मिळतात, थोडे महाग आहेत पण लोखंडी ग्रिल सोडलं तर घरातल्या बहुतेक लाकडाला चालतात. भिंतीला चमक हवी म्हणून लस्टर मारू नका. तो तेलाचा रंग आहे, चार भिंती लस्टरच्या म्हणजे चार दारांएवढा नव्हे, त्याच्या कितीतरी पट वास.

लेक येण्याच्या आदल्या दिवशी असं करा. रात्री खोलीची खिडकी, दार, एसी, पंखा सगळं बंद ठेवा, कपाटही मिटवा. सकाळी शेजारच्या एखाद्या ताईंना बोलवा, ज्या या महिन्यात तुमच्या खोलीत आल्या नाहीत. त्यांना काही न सांगता दार उघडायला लावा, मग कपाट उघडायला लावा. त्या म्हणाल्या की काही वास नाही, तर पलंगावर चादर घाला. नाक जरा जरी मुरडलं तर पलंग हॉलमध्ये लावा आणि कूलर आणखी आठवडाभर चालू द्या.